सीलरच्या आधी शेवटचं पाणी कोणतं? (हायपो, ईडीटीए आणि सीलरचं जमणं-न जमणं)

पेपरपॉइंट (धागाकर्ता)

रूट कॅनॉल भरताना लावायची पेस्ट, म्हणजे सीलर, कोणता चांगला यावर इथे धागे ढिगाने आहेत. सीलर भरायच्या क्षणी कॅनॉलच्या (मुळातल्या नळीच्या) भिंतीवर शेवटचं काय फिरलं होतं, हे मात्र त्यातल्या एकाही धाग्यात कुणी विचारलेलं नाही. निम्मा घोळ तिथेच होतो. म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं एका वाक्यात: आधी सीलर ठरवा आणि तिथून उलटं मागे येत शेवटचं इरिगेशन (धुणं) ठरवा. आपल्याकडे याच्या नेमकं उलट चालतं. ट्रेमध्ये जे असतं ते सवयीच्या क्रमाने मारलं जातं आणि शेवटी कपाटात जो सीलर सापडेल तो भरला जातो.

सुरुवात मूळ गोष्टीपासून करतो. फाइल (कॅनॉल घासायचं बारीक हत्यार) फिरली की भिंतीवर स्मिअर लेअर, म्हणजे चुऱ्याचा लेप, बसतो. त्याची जाडी साधारण १ ते २ मायक्रॉन, आणि त्याच्या खुंट्या ट्युब्युल्समध्ये (डेंटिनमधल्या सूक्ष्म नळ्यांत) ४० मायक्रॉनपर्यंत आत शिरलेल्या असू शकतात. यात डेंटिनचा चुरा आणि सेंद्रिय कचरा दोन्ही कालवलेले असतात. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) सेंद्रिय भाग विरघळवतं, पण चुऱ्याला हात लावत नाही. ईडीटीए चुऱ्यातलं कॅल्शियम पकडून काढतं, पण जंतू मारायला फारसं कामाचं नाही. त्यामुळे दोन्ही लागतात. ईडीटीए या कामासाठी नीगार्ड-ओस्टबी यांनी १९५७ मध्ये आणलं, आणि अजून त्याची जागा पूर्णपणे घेणारं काही आलेलं नाही.

आता क्रम.

एपॉक्सी सीलर (एएच प्लस आणि त्याच्या जातीचे) भरायचा असेल तर: शेपिंग (फाइलने आकार देणं) संपेपर्यंत ३% हायपो भरपूर, दर फाइलनंतर २ मिली तरी. मग डिस्टिल्ड पाणी. मग १७% ईडीटीए, कॅनॉलमागे ५ मिली, एक मिनिट. पुन्हा डिस्टिल्ड पाणी ५ मिली. मग पेपर पॉइंटने (पाणी शोषणाऱ्या कागदी काडीने) पूर्ण कोरडं. ईडीटीएनंतर पुन्हा हायपो नाही.

कॅल्शियम सिलिकेट, म्हणजे आपण ज्याला बायोसिरॅमिक म्हणतो तो भरायचा असेल तर: ईडीटीएपर्यंत सगळं तसंच, पण त्यानंतरचं पाणी दुप्पट, आणि शेवटी कॅनॉल ठणठणीत कोरडा करायचा नाही.

हे असं का, ते खाली बोलूच. आधी इतरांचं ऐकू.

---

एमबी_दोन

चांगला विषय. पण शेवटचं हायपो नको हे मला पटत नाही. ईडीटीएने ट्युब्युल्स उघडल्यावरच हायपोला खोल जायला वाट मिळते. नेमकं तेव्हाच ते बंद करायचं म्हणजे दार उघडून उंबऱ्यावरूनच परत फिरण्यासारखं झालं. शिवाय हायपोतला ऑक्सिजन सीलर सेट होऊ देत नाही वगैरे ऐकून आहे, पण एएच प्लस तर हायपोनंतरही सेट होतोच की.

---

रसायनी

@एमबी_दोन, एएच प्लस हायपोनंतरही सेट होतो हे तुमचं बरोबर आहे. गोंधळ ऑक्सिजनच्या ऐकीव गोष्टीत आहे, किंवा खरं तर दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत.

ऑक्सिजनने सेटिंग अडतं ते मेथॅक्रिलेट रेझिनचं. हायपो तुटलं की मीठ आणि ऑक्सिजन होतो. तो ऑक्सिजन डेंटिनच्या वरच्या थरात मुरून राहतो आणि फ्री रॅडिकलने होणारं पॉलिमरायझेशन मारतो. एकेकाळी रेझिलॉन या भरणीसोबत येणाऱ्या एपिफनीसारख्या सीलरना याचा त्रास होता, आणि आज पोस्ट (मुळात बसवायचा आधाराचा खांब) बसवताना वापरल्या जाणाऱ्या रेझिन सिमेंटला होतो.

एएच प्लस सेट होतो ती रीत वेगळी. एका पेस्टमधलं एपॉक्साइडचं कडं दुसऱ्या पेस्टमधल्या अमाइनशी जोडलं जातं. इथे फ्री रॅडिकल नाहीतच, मग ऑक्सिजन अडवणार कशाला? तो ३७ अंशाला साधारण ८ तासांत सेट होतोच, हायपो मारलेलं असो वा नसो.

मग हायपोचा तोटा कुठे? तेच एपॉक्साइडचं कडं कोलॅजेनवरच्या अमिनो गटांशीही जोडलं जातं. ईडीटीएने वरचं खनिज निघालं की कोलॅजेनचे धागे उघडे पडतात आणि एपॉक्सीला धरायला हात मिळतात. त्यावर पुन्हा हायपो ओतलं की तेच धागे जळतात. सीलर सेट होतो, पण भिंतीला धरायला कमी जागा उरते. सेट होणं वेगळं आणि पकड धरणं वेगळं.

---

एमबी_दोन

@रसायनी, हा फरक मला कुणी इतका सुटा करून सांगितला नव्हता. ठीक, सेटिंगबद्दल माघार. पण दाराचा मुद्दा सोडत नाही. जंतू जास्त महत्त्वाचे की मेगापास्कल (पकडीचा आकडा)?

---

पेपरपॉइंट

जंतूच. पण ईडीटीएवर लगेच हायपो गेलं की आणखी एक नुकसान होतं, ते म्हणजे इरोजन. खनिज निघालेलं डेंटिन म्हणजे नुसतं कोलॅजेनचं जाळं. त्यावर हायपो आलं की ते विरघळतं आणि ट्युब्युल्सची तोंडं एकमेकांत मिसळेपर्यंत झिजतात. ईडीटीए दहा मिनिटं ठेवलं तर ही झीज आणखी वाढते. एक मिनिट पुरे असताना "थोडं जास्त ठेवू, चांगलं साफ होईल" हा मोह टाळायला हवा.

माझा तोडगा असा: हायपोचा खरा मारा ईडीटीएच्या आधी पुरा करायचा, अल्ट्रासॉनिक हलवणीसकट. २५ नंबरची टोक न कापणारी फाइल, २० सेकंदांच्या तीन खेपा, प्रत्येक खेपेआधी ताजं हायपो. केस संसर्गाची असेल आणि ईडीटीएनंतरही हायपो हवंच असं वाटत असेल तर मारा, पण सौम्य आणि थोडा वेळ, आणि सीलर निवडताना ते लक्षात ठेवा. बायोसिरॅमिकला कोलॅजेनची पकड तितकी लागत नाही. अशा केसमध्ये तो जास्त सोयीचा.

---

गट्टापारचा

पुश-आउटच्या आकड्यांवर फार जाऊ नये असं मला वाटतं. दाताच्या चकतीतून सीलर ढकलून किती मेगापास्कलला सुटला हे मोजायचं, आणि त्यावरून तोंडातल्या दाताचं भवितव्य सांगायचं, यात उडी फार मोठी आहे. पकड आणि गळती यांचा थेट संबंध लागत नाही, गळती आणि उपचाराचं यश यांचाही लागत नाही. तेव्हा "या क्रमाने पकड वाढली" हे वाचायचं, पण त्यासाठी निर्जंतुकीकरणात कपात करायची नाही. सीलरला खराब करणाऱ्या ढोबळ चुका टाळल्या तरी निम्मं काम झालं.

---

पेपरपॉइंट

@गट्टापारचा, सहमत. म्हणून सूक्ष्म फरकांपेक्षा ढोबळ चुकांवरच बोलू. आणि सगळ्यात ढोबळ चूक म्हणजे द्रावणं एकमेकांत मिसळणं.

---

कोपरखळी

याचं प्रात्यक्षिक कुठल्याही क्लिनिकमध्ये दोन मिनिटांत होतं. ग्लोव्ह, चष्मा, खिडकी उघडी. तीन काचेच्या डॅपेन डिश घ्या, मागे पांढरा कागद.

पहिलीत हायपोचे चार थेंब आणि त्यावर २% क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे चार थेंब. थेंब पडता पडताच रंग फिरतो: आधी पिवळट, मग केशरी, आणि बघता बघता विटकरी गाळ तळाशी. डिश तिरकी केली तर गाळ काचेला चिकटून राहतो, पाण्याने सहज निघत नाही. हाच गाळ कॅनॉलमध्ये ट्युब्युल्सच्या तोंडावर बसतो. त्यावर भरलेला सीलर डेंटिनला शिवतसुद्धा नाही, त्याचा संबंध गाळाशी. गाळात पॅराक्लोरोअॅनिलिन असतं की नाही यावर बराच वाद झाला, नंतरच्या तपासण्यांत ते थेट सापडलं नाही. पण ते असो नसो, गाळ नकोच.

दुसरीत क्लोरहेक्सिडिन आणि ईडीटीए. दुधासारखं पांढरं. हा क्षार आहे, विटकरी गाळाइतका भयंकर नाही, पण भिंतीवर पूड राहतेच.

तिसरीत हायपो आणि ईडीटीए. इथे गाळ नाही, बुडबुडे दिसतात आणि लोकांना ते बुडबुडे बघून आनंद होतो की साफसफाई चालू आहे. प्रत्यक्षात हायपोचा क्लोरिन संपत चाललेला असतो. मिसळल्यावर उपलब्ध क्लोरिन झपाट्याने नगण्य होतो. ईडीटीए आपलं काम करत राहतं, हायपो मात्र मेलेलं असतं. सायट्रिक ॲसिड आणि हायपो तर डिशमध्येही मोठ्या प्रमाणात मिसळू नका, क्लोरिन वायू सुटतो.

---

नवखी_दंतवैद्य

मग दोन द्रावणांच्या मध्ये सलाईन चालेल का? आमच्याकडे डिस्टिल्ड पाण्यापेक्षा नॉर्मल सलाईनच हाताशी असतं. आणि किती मिली? कॅनॉल तर एवढासा असतो.

---

कोपरखळी

@नवखी_दंतवैद्य, हायपो आणि ईडीटीएच्या मध्ये सलाईन बिनधास्त. क्लोरहेक्सिडिनच्या आधी-नंतर मात्र डिस्टिल्ड पाणीच, कारण सलाईनमधल्या क्लोराइडशीही त्याचा पांढरा क्षार पडू शकतो. नळाचं पाणी कुठेच नाही.

मिलीबद्दल: कॅनॉलमध्ये एक थेंबही मावत नाही, त्यामुळे ५ मिली म्हणजे शेकडो वेळा भरून रिकामा करण्याइतकं पाणी. पण ते वरच्या वर फिरलं तर निरुपयोगी. बाजूला छिद्र असलेल्या ३० गेज सुईतून द्रावण टोकाच्या पुढे जेमतेम मिलीमीटर-दीड मिलीमीटर जातं. म्हणजे सुई वर्किंग लेंग्थच्या (मुळाच्या टोकापर्यंत ठरवलेल्या लांबीच्या) १ ते २ मिमी अलीकडे पोचली पाहिजे, आणि तिथे ती सैल हवी. अडकलेल्या सुईने जोर लावला की हायपो अपेक्सबाहेर (मुळाच्या टोकाबाहेर), आणि मग चेहऱ्यावर फुगलेली सूज. सुईवर रबर स्टॉपर लावा, प्लंजरवर अंगठा नको, तर्जनी. सुई सतत वर-खाली हलती ठेवा.

मधल्या धुण्याला २-३ मिली, शेवटच्या धुण्याला ५ मिली, बायोसिरॅमिक असेल तर १० मिली. मधल्या धुण्याआधी आधीचं द्रावण सक्शनने ओढून घेतलं तर पाणी कमी लागतं.

---

दाढीवाला_डॉक्टर

बायोसिरॅमिकवाल्यांना एक प्रश्न. तो सीलर कॅल्शियमवर चालतो. ईडीटीए कॅल्शियम खातं. मग त्याच्या आधी ईडीटीए द्यायचंच कशाला? स्मिअर लेअर तसाच राहू दिला तर काय बिघडेल?

---

रसायनी

@दाढीवाला_डॉक्टर, स्मिअर लेअरमध्ये जंतू आणि त्यांचं खाद्य दोन्ही असतं, म्हणून तो काढायचाच. ते काढणं सीलरसाठी नाही, आजारासाठी. प्रश्न एवढाच की ईडीटीए मागे किती राहतं.

कॅल्शियम सिलिकेट पाण्याशी भिडलं की दोन गोष्टी तयार होतात: कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचा जेल, जो त्याला घट्टपणा देतो, आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ज्यामुळे पीएच चढतो. उरलेलं ईडीटीए सुटणारं कॅल्शियम पकडून बसतं. एमटीए (कॅल्शियम सिलिकेटचंच सिमेंट) ईडीटीएच्या संपर्कात सेट झाला तर त्याचा कडकपणा कमी भरतो आणि त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक दिसत नाहीत. सीलरही त्याच घराण्यातला. आम्लाचंही तेच: तीव्र आम्ल वातावरणात हे सिमेंट कमजोर होतं. म्हणून सायट्रिक ॲसिड वापरलं असेल तरी नंतरचं पाणी भरपूर.

क्लोरहेक्सिडिनबद्दल: एमटीए कालवायला पाण्याऐवजी क्लोरहेक्सिडिन जेल घेतलं तर तो सेटच होत नाही. कालवायचं आणि धुवायचं यात फरक आहे हे मान्य, पण बायोसिरॅमिकच्या आधी शेवटचं म्हणून क्लोरहेक्सिडिन ठेवायला मला तरी कारण दिसत नाही. एपॉक्सीच्या बाबतीत त्याचा पकडीवर सहसा वाईट परिणाम होत नाही. तिथे हवं तर ठेवा, मधलं डिस्टिल्ड पाणी न विसरता.

---

पेपरपॉइंट

आणि आता कोरडेपणाचा मुद्दा, कारण बायोसिरॅमिकमध्ये सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

आधीच कालवून सिरिंजमध्ये येणारे बायोसिरॅमिक सीलर सेट व्हायला ट्युब्युल्समधलं पाणी घेतात. उत्पादक साधारण चार तास सांगतात. कॅनॉल वाळवंट करून ठेवला तर हाच वेळ कितीतरी लांबतो. पावडर-लिक्विडवाल्या बायोरूट आरसीएसमध्ये पाणी लिक्विडमधूनच येतं, पण तिथेही हाडासारखा कोरडा कॅनॉल नको.

उलट पाण्याचं तळं ठेवलं तर सीलर पातळ होतो, सेट व्हायच्या आधी वाहून जातो, पोकळ्या राहतात.

बरोबर ओल ओळखायची कशी? मास्टर अपिकल फाइलच्या (टोकापर्यंत गेलेल्या सर्वात मोठ्या फाइलच्या) मापाचा पेपर पॉइंट वर्किंग लेंग्थला ५ सेकंद ठेवून बाहेर काढा. टोकाचे २-३ मिमी ओलसर, रंगाने किंचित गडद, पण पॉइंट ताठ असला पाहिजे. टोक लुळं पडून वाकलं तर पाणी जास्त, एक पॉइंट आणखी. टोकही पांढरंफटक आणि कडक असेल तर जास्त कोरडं झालं. मग डिस्टिल्ड पाण्याने भिजवलेला एक पॉइंट आत फिरवून काढा. बायोसिरॅमिकला एक-दोन पॉइंट पुरतात. आधी बारीक कॅपिलरी सक्शन लावलं तर आणखी कमी.

एपॉक्सीला याच्या उलट: लागोपाठ दोन पॉइंट पूर्ण कोरडे येईपर्यंत. ओल्या भिंतीवर एपॉक्सी नीट पसरत नाही, मधे पाण्याची फट राहते.

आणि अल्कोहोल. एपॉक्सीच्या आधी कोरडं करायला काही जण ९५% इथेनॉल फिरवतात, तिथे ठीक. तीच सवय बायोसिरॅमिकच्या केसमध्ये हाताने आपोआप केली की घोटाळा, कारण ट्युब्युल्समधलं पाणी त्याने ओढून नेलं.

---

नवखी_दंतवैद्य

गट्टापर्चा कोन (सीलरसोबत आत भरायची रबरासारखी काडी) निर्जंतुक करायला आपण हायपोत बुडवतो. त्याचा काही संबंध?

---

गट्टापारचा

माझ्या नावाला जागून उत्तर देतो 🙂 संबंध आहे. ५.२५% हायपोत एक मिनिट पुरतं. पण तसाच कोन पुसून सीलर लावला तर हायपो वाळून त्यावर मिठाचे स्फटिक बसतात, आणि कोन व सीलर यांच्यामध्ये खारट चुरा राहतो. डिस्टिल्ड पाण्यात किंवा ७०% अल्कोहोलमध्ये कोन खळखळून धुवा, निर्जंतुक गॉजवर टेकवा, मग सीलर. हे दहा सेकंदांचं काम जवळजवळ कुणी करत नाही.

---

कोपरखळी

या धाग्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं नाव अजून कुणी काढलं नाही, आणि मला तर तोच इरिगेशनचा सर्वात मोठा परीक्षक वाटतो.

दोन भेटींच्या केसमध्ये आत भरलेलं औषध पूर्ण कधीच निघत नाही, विशेषतः खालच्या तिसऱ्या भागातून. राहिलेला थर प्रत्येक सीलरला वेगळा त्रास देतो.

झिंक ऑक्साइड युजेनॉलवाल्या सीलरला सर्वात जास्त. युजेनॉल झिंक सोडून कॅल्शियमशी आधी जमतं, सीलर कॅनॉलच्या आतच घाईने गोळा होतो, रवाळ आणि ठिसूळ. कोन लेंग्थला जात नाही तेव्हा आपण कोनला दोष देतो. एपॉक्सीला रासायनिक त्रास नाही, पण ट्युब्युल्सची तोंडं बुजतात. बायोसिरॅमिक स्वतःच अल्कधर्मी, त्यामुळे रासायनिक भांडण नाही, भिंतीपासून दूर राहणं एवढंच.

काढायचं कसं: आधी मास्टर फाइल हाताने फिरवून थर मोडायचा. मग १७% ईडीटीए किंवा १०% सायट्रिक ॲसिड. कॅल्शियम हायड्रॉक्साइड काढण्यात सायट्रिक थोडं सरस. अल्ट्रासॉनिक २० सेकंदांच्या तीन खेपा. पाणी. मग हायपो, मग पाणी, मग वरच्या क्रमाप्रमाणे शेवट. नुसत्या सुईने धुऊन "निघालं" असं मानणं म्हणजे भांडं वरून पुसून धुतलं म्हणण्यासारखं.

पेस्ट पाण्यातली असेल तर हे जमतं. सिलिकॉन तेलातलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड-आयोडोफॉर्म (मेटापेक्सच्या जातीचं) पाण्याला दाद देत नाही, तेलाचा पापुद्रा भिंतीवर राहतो. ते दुधाच्या दातांत ठीक. कायमच्या दातात दोन भेटींमधलं औषध म्हणून ते वापरून पुढे सीलरची पकड मागू नये.

---

दाढीवाला_डॉक्टर

@कोपरखळी, तेलावरून आठवलं. फाइलिंगला लागणारं ईडीटीए जेलसुद्धा यातच येतं ना? पेरॉक्साइडवालं.

---

कोपरखळी

हो, नीट आठवण केलीत. त्या जेलमध्ये १५% ईडीटीए, १०% युरिया पेरॉक्साइड आणि बाकी ग्लायकॉलचा आधार. अरुंद कॅनॉलमध्ये फाइल घसरवायला छान. पण (१) हायपोबरोबर फसफसतं आणि त्यात हायपोही खर्ची पडतं, (२) ग्लायकॉलचा चिकट थर मागे राहतो. जेल स्मिअर लेअर काढण्याचा पर्याय नाही. शेपिंगमध्ये वापरलं असेल तरी शेवटी द्रव ईडीटीए एक मिनिट द्यायचंच.

---

रसायनी

ज्यांना ईडीटीए-हायपोच्या या लग्नाचा कंटाळा आला असेल त्यांच्यासाठी एटिड्रोनेट, एचईडीपी. ९% द्रावण. बाजारात ०.९ ग्रॅमची कॅप्सूल मिळते, ती १० मिली हायपोत विरघळवायची आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच एक द्रावण. हे हायपोचा क्लोरिन लगेच खात नाही, पण हळूहळू खातंच, म्हणून केस सुरू करताना ताजं बनवायचं आणि तासाभरात संपवायचं. उरलेलं दुसऱ्या पेशंटला नाही. हे कमजोर चीलेटर (कॅल्शियम पकडणारं) आहे, त्यामुळे स्मिअर लेअर बसूच देत नाही, पण कोलॅजेन उघडं करून इरोजनही घडवत नाही. शेवटी पाणी मात्र याच्या नंतरही.

---

दातकोरणी (मी डॉक्टर नाही)

मधेच घुसते, माफ करा. हे सगळं वाचून पेशंटने काय विचारावं? "डॉक्टर, शेवटचं पाणी कोणतं मारलंत?"

---

एमबी_दोन

@दातकोरणी ताई, तसं विचारलंत तर डॉक्टर बराच वेळ बघत राहतील 🙂 एवढंच बघा: रबर डॅम लावला का. दाताभोवती ताणलेला रबराचा पडदा नसेल तर थुंकी सतत आत उतरते आणि वरच्या चर्चेतल्या कुठल्याच द्रावणाला अर्थ राहत नाही. हायपो घशात जाण्याचा धोकाही त्याने टळतो.

---

नवखी_दंतवैद्य

शेवटचे दोन प्रश्न. रूट कॅनॉल झाल्यावर लगेच त्याच भेटीत फायबर पोस्ट किंवा कंपोझिट करायचं असेल तर हायपोचा ऑक्सिजन आड येणार ना? आणि ५% हायपोचं ३% कसं करायचं?

---

रसायनी

येणार. मेथॅक्रिलेटच्या बाबतीत वर म्हटलं तेच. उपाय म्हणजे १०% सोडियम ॲस्कॉर्बेट: १० ग्रॅम १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात, त्याच दिवशी बनवलेलं. ते तो ऑक्सिडाइझ झालेला थर पूर्ववत करतं. द्रावण पिवळट झालं की ते स्वतःच ऑक्सिडाइझ झालं, फेका. साध्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून घालू नका, ॲस्कॉर्बिक ॲसिड आम्ल आहे आणि गोळीत साखर, रंग वगैरे असतं. ॲस्कॉर्बेटनंतर पाणी. आणि हे निर्जंतुकीकरण संपल्यावरच, कारण उरलंसुरलं हायपो ते निष्प्रभ करतं.

पल्प चेंबरच्या (दाताच्या मधल्या पोकळीच्या) भिंतीवर सांडलेला सीलरही बाँडिंगआधी निघाला पाहिजे. एपॉक्सी ७०% अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मायक्रोब्रशने, सेट व्हायच्या आत. बायोसिरॅमिक नुसत्या पाण्याने निघतो, अल्कोहोल तिथे निरुपयोगी. युजेनॉलवाला सीलर असेल तर त्याच दिवशी रेझिन टाळलेलंच बरं.

---

पेपरपॉइंट

पातळ करण्याचं गणित: ५.२५% असेल तर ४ भाग हायपो आणि ३ भाग डिस्टिल्ड पाणी, म्हणजे ४० मिली + ३० मिली = ७० मिली, बरोबर ३%. बाटलीवर ५% लिहिलं असेल तर ३ भागांना २ भाग पाणी: ३० + २०. पण बाटलीवरचा आकडा भरल्या दिवसाचा असतो. उन्हातल्या खिडकीत, झाकण सैल ठेवलेलं हायपो गुपचूप पाणी होत जातं आणि वास मात्र तसाच येत राहतो. गडद बाटली, थंड जागा, पातळ केलेलं रोजच्या रोज.

---

कोपरखळी

आणि सिरिंज. हायपो, ईडीटीए, पाणी, क्लोरहेक्सिडिन, चारही द्रव पाण्यासारखे दिसतात. एकच सिरिंज धुऊन दुसऱ्यासाठी वापरली की सुईच्या हबमध्ये राहिलेल्या अर्ध्या थेंबातच तो विटकरी गाळ तयार होतो. हायपोला लाल पट्टी, ईडीटीएला निळी, पाण्याला काही नाही, क्लोरहेक्सिडिनला हिरवी. लुअर लॉकच (सुई फिरवून घट्ट बसते ती) घ्या, नुसती खोचलेली सुई दाबाने उडते आणि हायपो थेट डोळ्यात. पट्ट्या रेडिओग्राफच्या पाकिटांवर लावायच्या रंगीत टेपच्याही चालतात, फक्त केस सुरू व्हायच्या आधी असिस्टंटने भरून लावलेल्या हव्यात.

---

नवखी_दंतवैद्य

टेप मागवली. क्लोरहेक्सिडिनची सिरिंज ट्रेमधून काढून टाकावी का हा विचार चालू आहे, रोज लागतच नाही.

---

पेपरपॉइंट

काढा. लागेल त्या केसला वेगळी भरून घ्या.